चंद्रावर दुकान टाकलं तर

शहापूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेची सहल मुंबईला न्यायची म्हटलं की पालक राणीच्या बागेचंच नाव घेतात. या खेपेला मी वरळीवर अडून बसले: सकाळी नेहरू विज्ञान केंद्र, जेवणानंतर जवळचंच नेहरू तारांगण.

विज्ञान केंद्र 1985 पासूनचं. इथल्या वस्तू हाताळायच्याच असतात, हे पोरांना आधी पटेना. शाळेतल्या सवयीने सगळे हाताची घडी घालून उभे. एकाने भीतभीत कळ दाबली, आणि नंतर मला कोणी आवरेना. आवारातलं वाफेचं इंजिन आणि जुनी ट्राम सोडून डबा खायलाही कोणी येत नव्हतं.

खरी जुंपली ती तारांगणात. तिथे दुसऱ्या ग्रहांवर आपलं वजन किती भरेल ते दाखवणारे काटे आहेत. सातवीतला 36 किलोचा एक गडी चंद्रावर 6 भरला, गुरूवर 85 च्या वर गेला. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान. तो हिशेब करून म्हणाला, “बाई, चंद्रावर दुकान टाकलं तर बुडालोच! काट्यावर किलो दिसायला सहा किलो तांदूळ घालायला लागंल.”

“मग आम्ही तिथूनच भरू की,” मागून आवाज आला.

त्यावर एक मुलगी, हिची आजी आठवडी बाजारात सुकट विकते, ती तडकून म्हणाली, “माझ्या आजीच्या तराजूत नाय बुडणार. सुकट हलकी होईल तसं मापपण हलकं होईल ना!”

वस्तुमान (वस्तूत द्रव्य किती) आणि वजन (तिला खाली ओढ किती) यांतला फरक पोरं दरवर्षी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. हिने तो बाजारातून आणला होता. दुकानदाराच्या पोराने आपला इलेक्ट्रॉनिक काटा पुढे केला. पण तोही शेवटी वजनच, म्हणजे खालची ओढच मोजतो. चंद्रावर तो नव्याने जुळवावा लागेल, हे मी सांगितल्यावर तो हिरमुसला.

“यानात तर वजनच नसतं ना, बाई?”

वर गुरुत्वाकर्षण नसतं, असं उत्तर बरेच जण ठोकून देतात. मलाही शाळेत तेच मिळालं होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जेमतेम 400 किलोमीटर वर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असते. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून तरंगतात. हे नुसतं सांगून कोण ऐकतंय? बाहेर आल्यावर कर्कटकाने पाण्याच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडलं. धार लागली. झाकण उघडं ठेवून बाटली उंचावरून सोडली, की पडताना धार बंद! पहिल्यांदा कोणाला दिसलंच नाही. मग उंच पोराला पायरीवर चढवलं आणि बाकीच्यांना खाली बसवलं. नंतर सगळ्यांनाच आपापल्या बाटल्या फोडायच्या होत्या.

“मग तिथं आजीचा तराजूपण नाय चालणार,” सुकटवाली म्हणाली. “पारडी तरंगतील.”

बरोबर. तिथे माणसाला स्प्रिंग लावलेल्या यंत्रावर झुलवतात. वस्तुमान जास्त, तर झोका संथ. झोक्याला लागणाऱ्या वेळेवरून किलो काढतात.

दुकानदाराचं पोर विचारात पडलं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. बसच्या दारात त्याने मला गाठलं: “म्हणजे बाई, गिऱ्हाइकासमोर तांदळाची पिशवी झुलवायची? आणि रांगेतल्या बाकीच्यांनी तोवर काय करायचं?”