ड्युएट अपडेट: वरचा सी शार्प की नॅचरल?

काकांसोबतच्या क्लॅरिनेट ड्युएटचा टेम्पो बऱ्यापैकी जमलाय, पण काकांचं आणि माझं एका सी वर जुंपलंय: तो शार्प (अर्धा सूर वर) वाजवायचा की नॅचरल (साधा). पीस जुन्या फ्रेंच क्लॅरिनेट मेथडमधला (शिकायच्या पुस्तकातला), स्कॅन केलेली प्रिंट. दोघांकडे बी फ्लॅट क्लॅरिनेटच, त्यामुळे खाली सगळे सूर लिहिलेले म्हणूनच वाचा, ऐकायला एक टोन खाली येतात.

जी मेजर आहे, आणि मधे म्युझिक डी कडे वळतं. त्या बारमध्ये माझ्या लाइनला पहिल्या बीटवर तिसऱ्या स्पेसमधल्या सी ला शार्प छापलाय, मग रन वर चढते आणि शेवटच्या बीटला वरचा, दोन लेजर लाइनवाला (पाच ओळींच्या वरच्या जादा छोट्या रेघा) सी येतो, त्याला चिन्हच नाही, आणि पुढच्या बारला मी सरळ डी वर.

काका बरीच वर्षं बँडमध्ये नोटेशन वाचून वाजवत आलेत. ते म्हणतात, "अगं, शार्प त्या बारपुरता आणि त्याच ऑक्टेव्हला. वरचा नॅचरलच." आजच्या नियमाने अगदी बरोबर. पण जुन्या प्रिंटमध्ये हा नियम इतका काटेकोर पाळलेला नसतो, वरच्या ऑक्टेव्हचं चिन्ह वाजवणाऱ्याने समजून घ्यायचं असं खूपदा दिसतं.

माझा कान शार्पच मागतो. काकांनी खाली जी धरलेला असतो, त्यावर माझा सी शार्प आला की ट्रायटोन (तीन पूर्ण टोनांचं ताणलेलं अंतर) होतो, मग मी वर डी ला, ते खाली एफ शार्पला, छान उघडतं. डी ला सा धरा: सी शार्प म्हणजे शुद्ध नी, सी नॅचरल म्हणजे कोमल. सा वर जाऊन टेकायचं तर इथे शुद्धच हवा ना!

पुढच्या बारमध्ये वरच्या सी ला नॅचरल छापलाय. मी म्हटलं, आधी शार्प नसता तर हा कशाला? काका म्हणाले तो खालच्या शार्पची नुसती आठवण आहे. खरंय, ते दोन्हीकडे लागतं, म्हणून तो मुद्दा सोडला.

सगळ्यात पक्का पुरावा शेवटच्या पानावर निघाला. तीच ओळ तिथे पाचव्याने खाली येते, जी वर संपते, आणि सी च्या जागी एफ येतो. एफ शार्प की सिग्नेचरमध्येच (ओळीच्या सुरुवातीच्या कायमच्या चिन्हांत) असल्यामुळे खालचा-वरचा दोन्ही आपोआप शार्प! मग डी कडे जाताना वरचा तेवढा नॅचरल का ठेवतील? काका बराच वेळ दोन्ही पानं बघत बसले आणि म्हणाले, "हे पटतंय. पण पेन्सिलनेच लिही."

आता बोटांचं. वरचा सी नॅचरल फुकट मिळतो, अंगठा आणि रजिस्टर की, बास. सी शार्पपासून आल्टिसिमो (सगळ्यात वरचा पट्टा) सुरू, डावी तर्जनी उचलून बाकी दोन आणि उजव्या हाताची पहिली दोन एकदम खाली. बी वरून तिथे जाताना मधेच भलताच सूर चिरकतो. पण तिथून डी सोपा, उजवं मधलं बोट उचलायचं आणि करंगळीने ई फ्लॅट की. सध्या बी-सी शार्प-डी एवढंच स्लर करून (एका फुंकरीत जोडून) मेट्रोनोम ६० वर घोटतेय, आधी टंगिंग (जिभेने सूर सुटे करणं) न करता, रीड अडीच नंबरचीच. कुणाकडे बी ते सी शार्प स्वच्छ जोडायची युक्ती असेल तर नक्की सांगा, काकांसोबत पुढचं पान रविवारी घ्यायचंय.