ठोके मोजता मोजता

रस्त्याच्या कामावर मातीची ताकद तपासणं हा माझा रोजचा धंदा. डीसीपी म्हणून एक साधं यंत्र असतं: पोलादी दांडा, टोकाला 60 अंशांचा शंकू, वर 8 किलोचा हातोडा. तो 575 मिलिमीटरवरून सोडायचा, दांडा किती खाली गेला ते लिहायचं, परत सोडायचा. दुपारपर्यंत कंबर बोलायला लागते. लष्करी विमानं उतरवायला मोकळ्या रानात जागा शोधणारेही हेच यंत्र वापरतात, हे कळल्यावर मी ऑफिसात दोन दिवस भाव खाल्ला.

मग वाचत सुटले. नुसतं सपाट दिसून भागत नाही. वरचा पापुद्रा उन्हाने टणक झालेला असतो, पहिले ठोके खणखणीत लागतात आणि वीतभर खाली दांडा लोण्यात गेल्यासारखा सरकतो. त्यावरून जीप खुशाल जाईल. पण सी-130 हर्क्युलिस हे लष्करी मालवाहू विमान, ज्याचं वजन 70 टनांपर्यंत भरतं, ते रुतेल. लढाऊ विमानांचं तर नावच नको. टायर लहान, त्यात हवा भयंकर दाबाची, आणि इंजिन खडे ओढून घेणार ते वेगळंच.

कोरडी तळी मात्र भारी प्रकरण. कॅलिफोर्नियातल्या रॉजर्स ड्राय लेकवर हिवाळ्यात पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे ढकलतो आणि भेगा बुजतात. फुकटात रोलर! अर्थात वाळेपर्यंत तिथे चिखलच.

सगळ्यात जास्त डोक्यात राहिला तो इराणच्या वाळवंटातला प्रकार. तेहरानमधल्या अमेरिकन ओलिसांना सोडवायच्या मोहिमेआधी जॉन कार्नी हा अमेरिकन हवाई दलाचा अधिकारी छोट्या विमानातून रात्री तिथे उतरला, मोटरसायकलवरून जागा फिरला, मातीचे नमुने घेतले, अवरक्त दिवे पुरून आला. जमीन कडक होती. पाहणीत खोट काढायला जागाच नाही. पण साधारण तीन आठवड्यांनी, 24 एप्रिल 1980 च्या रात्री विमानं उतरली तेव्हा मधल्या वादळांनी तिथे घोटाभर भुकटी आणून टाकली होती. मोहीम रद्द करून निघताना एक हेलिकॉप्टर जरा वर उठलं, धुळीत काही दिसेना, पाती सी-130 वर आदळली. 8 जण गेले.

आमच्या तक्त्यात तारखेचा रकाना असतो. तो मी बऱ्याचदा ऑफिसात परतल्यावर आठवून भरायचे. हल्ली पहिल्या ठोक्याआधी भरते आणि शेऱ्यात, कोणी मागितलं नसलं तरी, शेवटचा पाऊस कधी पडला तेही लिहिते.