वयाइतके किलोमीटर

वाढदिवसाला वयाइतके किलोमीटर सायकल चालवायची, ही प्रथा ज्याने काढली तो नक्की तिशीतला असणार. तिशीत तीस किलोमीटर म्हणजे अंघोळीआधीचं काम. पुढे मात्र पायातलं बळ दरवर्षी थोडं उतरतं आणि आकडा दरवर्षी एकाने चढतो. मैलांत मोजणाऱ्या देशांतली मंडळी यावर छान तोडगा काढतात. साठीपर्यंत मैल, आणि मग एका वाढदिवसापासून गुपचूप किलोमीटर. 60 मैल म्हणजे जवळपास 97 किलोमीटर. पुढच्या वर्षी 61 किलोमीटर केले की भागतं. याला कुणी लबाडी म्हणेल, मी म्हणत नाही. हौस तीच ठेवून मोजपट्टी बदलणं हा पिकल्या केसांचा हक्कच आहे.

सगळ्यात कृतघ्न मोजपट्टी म्हणजे सरासरी वेग. वर्षानुवर्षं घाम गाळून कमवावा, तर हा साध्या सर्दीतही दगा देतो आणि साठीनंतर गेला की परत यायचं नाव घेत नाही. वयाबरोबर स्नायूंमधले झटक्याने जोर लावणारे तंतू आधी रोडावतात. सावकाश पण चिवटपणे राबणारे त्यामानाने टिकतात. म्हणून छोट्याशा चढावर पोरं भुर्रकन पुढे निघून जातात, आणि पाच तासांनी बघावं तर त्याच पोरांच्या शेजारी आपण असतो. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही खाली येते. 220 वजा वय हे ढोबळ सूत्र आहे, पण मनगटावरचं घड्याळ ते वेदवाक्य मानतं. मी मैत्रिणीशी निवांत गप्पा मारत चाललेली असते आणि हे लाल होऊन ठणाणा करतं. डॉक्टरांना विचारून घेतलं, तेव्हापासून त्याच्याकडे लक्ष देत नाही.

चिवट तंतूंना मानवणारा प्रकार म्हणजे ब्रेव्हे, ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करण्याची सायकलफेरी. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. वयाची सवलत नाही, तसा पहिला-दुसरा क्रमांकही नाही. 200 ला ताशी पंधरा पुरतात, फक्त त्यात खाणं, पंक्चर, पाठ टेकणं सगळं धरायचं. तरुण मंडळी वाऱ्यासारखी जातात आणि मधल्या थांब्यावर ऐसपैस बसतात. जुनी खोडं पाण्याची बाटली भरतात आणि निघतात. वेग वाढवण्यापेक्षा थांबणं कमी करणं सोपं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

पण माझी आवडती मोजपट्टी एका खगोलशास्त्रज्ञाची. आर्थर एडिंग्टन म्हणजे 1919 च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्यापाशी किती वाकतो हे मोजणाऱ्यांपैकी एक. सायकलचं त्यांना वेडच होतं, आणि त्यांनी स्वतःसाठी एक आकडा ठरवला होता. किमान 40 मैल सायकल चालवली असे 40 दिवस आयुष्यात जमले, की तुमचा आकडा 40. आता 41 हवा असेल तर 41 मैलांचे 41 दिवस लागतात, आणि बरोबर चाळिसाला थांबलेले सगळे दिवस बाद होतात! वर जाऊ तसा आकडा हट्टी होत जातो. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरना लिहिलेल्या पत्रात एडिंग्टन कुरकुरतात, की आकडा 75 वरच अडकलाय; ईस्टरमध्ये दोनदा पावणेपंच्याहत्तर मैल झाले, पण ते धरता येत नाहीत. या दोघांमध्ये 1935 साली ताऱ्यांच्या अखेरीवरून केवढा जाहीर वाद झाला होता, आणि पत्रात बघावं तर सव्वा मैलाचं दुःख! पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने घराभोवती दोन चकरा मारून सव्वा मैल का भरून काढला नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. 1944 मध्ये ते गेले तेव्हा आकडा 84 होता.

या आकड्याचा मोठेपणा हा, की तो कधीच खाली येत नाही. आजारपण येवो, गुडघा रुसो, वर्षभर सायकल भिंतीला टेकलेली असो. तो जिथे पोचला तिथेच बसून तुमची वाट बघतो.

फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचं सांगितल्याशिवाय मात्र लोक सोडत नाहीत. 2012 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते तासाभरात 24.25 किलोमीटर गेले, आणि दोन वर्षांनी 26.927. म्हणजे शंभरीनंतर वेग वाढला! सरावातलं बरंचसं चालवणं सावकाश, थोडंसं दमवणारं, आणि तेवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमताही वाढलेली शास्त्रज्ञांना दिसली. जानेवारी 2017 मध्ये, 105 व्या वर्षी, 22.547 झाले. त्यांच्यासाठी वेगळा वयोगट काढला होता. उतरल्यावर तक्रार काय, तर शेवटची दहा मिनिटं राहिल्याची पाटी दिसली नाही, नाहीतर आणखी जोरात गेलो असतो. "अगं, ते आजोबा बघ, आणि तू आत्ताच थकलीस?" हे ऐकून ऐकून मला त्या थोर माणसाचा हल्ली जरा रागच येतो.

मोजपट्टीमागोमाग सायकलही बदलते. आधी हँडल वर येतं, कारण मानेची तक्रार सुरू होते. मग 23 मिलिमीटरचे कडक टायर जाऊन 32 चे येतात आणि खड्डे कंबरेपर्यंत पोचेनासे होतात. गिअरच्या बाबतीत मात्र अहंकार आडवा येतो. पुढे 34 दाते, मागे 34 दाते, पायाचा एक फेरा तेव्हा चाकाचा एक फेरा. असा गिअर बसवून घ्यायला पुरुषमंडळी का लाजतात कळत नाही. चढ तर त्यानेच संपतो. दांडीवरून टांग टाकणं जड झालं की खाली झुकलेल्या दांडीची सायकल. आणि सायकलने हाडं काही मजबूत होत नाहीत, त्यासाठी वजनं उचलावी लागतात. हे मी करते, पण त्यावर लिहिण्याइतकं प्रेम नाही.

शेवटी येते बॅटरी. युरोपातल्या नियमाप्रमाणे मोटर 250 वॉटची आणि ताशी 25 नंतर तिची मदत बंद. पॅडल आपणच मारायचं. हे किलोमीटर धरायचे की नाहीत, यावर आमच्या गटात भांडणं होतात. माझ्या मते धरावेत, पण एडिंग्टनच्या आकड्यात नकोत. जो माणूस सव्वा मैल कमी पडला म्हणून अख्खा दिवस सोडून देतो, त्याच्या हिशेबात मोटर घुसवणं बरं दिसत नाही. मी बॅटरीसाठी वेगळी वही घातली आहे. जुन्या वहीत आकडा हलायला महिनेच्या महिने लागतात. नवीत तो अजून लहान आहे, त्यामुळे चार-दोन फेऱ्या झाल्या की एकाने पुढे सरकतो.