भुऱ्याचे २७ शब्द

१२ ऑगस्ट, रात्री साडेदहा

पावसानं आज दिवसभर उसंत दिली नाही. सकाळपासून अजिंक्यतारा ढगात बुडालाय आणि दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच आहेत. दिवाळी अंकाची कथा १५ तारखेपर्यंत पाठवायची आहे. पण आज कथेला हात लागला नाही. संध्याकाळपासून मांडीवर आहे ती आमच्या कुत्र्याची, भुऱ्याची वही.

ही वही बाबांमुळे झाली. सहा वर्षांपूर्वी मी अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीबद्दल वाचलं होतं. जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी तिला १०२२ खेळण्यांची नावं शिकवली आणि २०११ साली त्यावर शोधनिबंध छापला. मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "मग आपल्या भुऱ्याचेही मोजू की!" रविवारी आम्ही दोघं पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यासारखे बसलो. २७ शब्द निघाले.

पोळी आणि भाकरी हे दोन वेगळे शब्द. 'पोळी' ऐकलं की तो थेट ओट्यापाशी, 'भाकरी'ला नुसते कान हलायचे. 'अंघोळ' म्हटलं की दिवाणाखाली. 'फिरायला' हा शब्द तर घरात उच्चारायची सोय राहिली नव्हती, म्हणून आम्ही 'भ्रमण' म्हणायला लागलो. पंधरा दिवसांत 'भ्रमण' ऐकूनही तो पट्टा तोंडात घेऊन फाटकाशी उभा! बाबांनी तो शब्द स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिला, एकोणिसावा. त्यांचं ते वळणदार, फळ्यावरचं अक्षर.

आणि 'हजेरी'. बाबांची ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. सकाळच्या चहाला बसले की ते हाक द्यायचे, "भुऱ्या, हजेरी!" भुऱ्या उजवा पंजा वर करायचा. त्याच्या वतीनं "हजर, गुरुजी" बाबाच म्हणायचे आणि आदल्या रात्रीच्या पोळीचा तुकडा त्याला मिळायचा. बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. तेराव्यानंतरच्या सकाळी आईंनी चहाचा कप खाली ठेवला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "भुऱ्या, हजेरी." त्यानं पंजा वर केला. त्या दिवसापासून एक सकाळ चुकली नव्हती.

यंदा उन्हाळ्यात तो पंजा वर करीनासा झाला. आम्हाला वाटलं, म्हातारपणी हट्टी झालाय. एकदा मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा. तो तोंडाकडे बघत राहिला. ते बघणं माझ्या मनातून जात नाही.

डॉक्टरांनी कान तपासले. मळ नाही, संसर्ग नाही. तेरा वर्षं झाली त्याला. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणाले. उंच पट्टीचे आवाज बहुधा आधी जातात. म्हणजे माझा, आईंचा आणि लेकीचा आवाज आधी गेला असणार. झोपेत मागून हात लावू नका, दचकून चावेल. बाहेर पट्ट्याशिवाय सोडू नका. जमिनीवर पाय आपटून उठवा.

पण आमच्या घरात शहाबादी फरशी. कितीही पाय आपटा, त्याला काही कळत नाही. लेकीनं मग माळ्यावरून जुन्या पलंगाची फळी काढली, त्याची गोधडी तिच्यावर अंथरली आणि फळीच्या टोकाला दोनदा टकटक केलं. त्यानं मान वर केली. दहा वर्षांच्या पोरीला हे सुचलं. मला सुचलं नव्हतं.

ठकीबद्दलही लिहून ठेवायला हवं. ठकी आमची तिरंगी मांजर. (तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. काळ्या-केशरी रंगांचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि दोन्ही रंग दिसायला अशी दोन गुणसूत्रं लागतात. हे कळल्यावर लेकीला केवढा अभिमान वाटला होता.) ती बसते फक्त आईंच्या सुपात. आईंनी तांदूळ पाखडायला दुसरं सूप आणलं, पण हे तिच्याकडून काढून घेतलं नाही. तर जूनपासून ही ठकी सूप सोडून रात्री भुऱ्याच्या पोटाशी झोपते. सकाळी सव्वासहाला कोपऱ्यावर दूधवाल्याच्या किटलीचा आवाज झाला की ती त्याच्या बरगड्यांवर पाय देऊन उडी मारते. त्या धक्क्यानं तो उठतो आणि तिच्या मागोमाग फाटकाशी जाऊन उभा राहतो, पूर्वीसारखाच. तिला दूध हवं असतं एवढंच, हे मला कळतं. तरी रोज सव्वासहाला मी उठून खिडकीशी जाते, ते दोघं दिसावेत म्हणून.

वहीत आता प्रत्येक शब्दापुढे मी एकेक खूण लिहितेय. फिरायला : पट्टा दाखवणं. बस : तळहात खाली. पोळी : काही करावं लागत नाही, तव्याचा वास पुरतो. 'भ्रमण'पुढची जागा मी मोकळीच ठेवलीय. त्या शब्दाला कुठली खूण द्यावी, मला ठरवता येत नाही.

'हजेरी'साठी लेक आठ दिवस खपत होती. फळीवर टकटक, मग छातीशी उघडा तळहात, मग हातानं त्याचा पंजा उचलून तुकडा. आज सकाळी चहाच्या वेळी तिनं तळहात धरला. भुऱ्या बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला आणि हळूच उजवा पंजा वर केला. थरथरत होता, पण खाली घेतला नाही.

आई देवघराच्या दारात उभ्या होत्या, ओल्या हातांनी. त्या लेकीला म्हणाल्या, "उद्या मी धरीन हात. पण हाकही मारीन हो, त्याला ऐकू नाही गेलं तरी."

मग त्यांनीच म्हटलं, "हजर, गुरुजी."