आता घे पट्टी

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि आधी गणिताच्या बाईंचा आवाज आठवला, "पट्टी खाली ठेव."

१९८२ चा पावसाळा. आम्ही नववीत. जानेवारीपासून गिरण्यांचा संप, भोंगे बंद, वडील घरी. माझ्याकडे लॉगची (आकडा १० चा कितवा घात आहे ते सांगणारी) कोष्टकं नव्हती. बाईंनी स्वतःची दिली आणि परत कधी मागितली नाहीत. ती अजून माझ्या टेबलावर आहेत.

त्या दिवशी बाई गणिताच्या तासाला चंचुपात्र घेऊन आल्या. त्यात पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. अर्धं ओतून द्यायचं, तेवढंच साधं पाणी घालायचं. "कितीदा केलं की रंग जाईल?" मी उठून म्हणालो, "दोनदा, बाई. अर्धं आणि अर्धं." बाई रागावल्या नाहीत, माझ्याच हातून करून घेतलं. सातव्या वेळेलाही गुलाबी झाक उरलीच.

मग आलेखाचा कागद. १००, ५०, २५, साडेबारा. मी पट्टीने ठिपके जोडले, बाईंनी त्या रेघा पुसायला लावल्या. हाताने वळण काढवून घेतलं. नंतर त्याच आकड्यांचे लॉग काढायला सांगितले. २, १.७०, १.४०, १.१०. ठिपके एका ओळीत आले. "आता घे पट्टी," बाई म्हणाल्या.

आज माझं कामच ते आहे. औषध रक्तातून कसं ओसरतं, त्याचं गणित पायथॉन या संगणकभाषेत मांडायचं आणि आलेख काढायचा. निरोगी माणसाच्या रक्तातलं पॅरासिटामॉल साधारण दर २ ते ३ तासांनी निम्मं होतं. असं पाचदा निम्मं झालं की ३ टक्के उरतं. ते चंचुपात्रच. (दारूचं तसं नाही. ती बहुतेक वेळ ठरावीक वेगाने उतरते, म्हणून तिची रेघ साध्या कागदावरच सरळ येते.)

गेल्या वर्षी एका नव्या मुलाच्या आलेखात औषध शून्याच्या खाली गेलं. औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, २ तासांचं. संगणक पुढचं प्रमाण एकेका पावलाने काढत जातो, आणि त्याने ते पाऊल टाकलं होतं ३ तासांचं. ओसरण्याचा दर ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉग) भागिले अर्धायुष्य २, म्हणजे ताशी ०.३४७; तीन तासांच्या पावलात त्याची तिप्पट, १.०४. होतं त्याहून जास्त वजा झालं! मी त्याला पाऊल सहा मिनिटांचं करायला लावलं. वळण नीट आलं. मग उभा अक्ष लॉगचा केला, आणि पडद्यावर तिरपी, सरळ रेघ उमटली. त्याला मी बाईंची गोष्ट सांगितली, सगळी.

शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसायची ती गिरणीची चिमणी आता नाही, तिथे टॉवर आहे. नववीच्या तुकड्याही कमी झाल्या म्हणतात. ऐकून पोटात तुटतं.

बाई, समारंभाला तुम्ही येणार असं कळलंय. मी एक आलेख छापून आणतोय. पट्टीही आणतो. तुम्ही लावून बघा.