नांगर न लावता वाल

भात कापलेल्या वाफ्यांवर आज वालाची टोकणी केली. नांगरणी नाही, ढेकळं फोडणं नाही. गादीवाफे पावसाळ्याआधी केले होते तेच, आणि भाताची मुळं जमिनीतच ठेवलेली. ही एसआरटी म्हणजे सगुणा राइस तंत्र ही पद्धत इथलीच, आपल्या रायगडातल्या नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेली.

शेतावर शिकायला आल्यापासून काका एकच सांगतात, माती हातात घेऊन बघ. आज त्यांनी धसकटाशेजारी खुरपं घालून एक ढेकूळ उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. मऊ, रवाळ, दाबलं की सुटणारं. कुजत चाललेल्या मुळांच्या जागी बारीक नळ्या झाल्या होत्या, एकीतून गांडूळ डोकावत होतं! याच वाटांनी हवा-पाणी खाली जातं. बांधापलीकडच्या शेतात भातलावणीआधी चिखलणी केली होती, म्हणजे पाणी भरून मातीचा चिखल केला होता; तिथे माती कडक झालीय, भेगा पडल्यात. फरक पायालाही कळतो.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. या पद्धतीत धसकटं आणि तण मारायला बरेच जण तणनाशक फवारतात. गांडुळं जपायची म्हणून नांगर सोडायचा आणि वरून औषध मारायचं? काका तण विळ्याने कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरतात. मजुरी वाढते, कंबर धरते, पण मी त्यांच्याच बाजूची.

आपला रायगडचा वाल भाताच्या उरलेल्या ओलीवर येतो, म्हणून टोकणीला उशीर चालत नाही. खालचे वाफे उद्या उरकायचेत. तणनाशकाशिवाय एसआरटी करणारं कुणी असेल तर कृपया कळवा, तुमचं शेत बघायला यायचंय.