माळ्यावरचा सीपीयू

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कॅबिनेट कुणीच म्हणत नाही, ‘सीपीयू’ म्हणतात. मी इंजिनिअरिंगला गेलो त्या वर्षी, २०१० साली, बाबांनी पुण्याच्या बुधवार पेठेतून जुळवून आणलेला. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. गेली सात-आठ वर्षं तो माळ्यावर मखराशेजारी पडून होता. यंदा गणपतीत मखर काढताना खाली आला आणि परत वर गेलाच नाही.

“भंगारवाल्याला दे, पत्र्याचे तरी पैसे येतील,” बाबा म्हणाले.

माझ्या डोक्यात मात्र फोटो होते. चार फोनमधले, जुन्या कॅमेऱ्यातले आणि बाबांनी अल्बममधून स्कॅन करून घेतलेले, असे सगळे मिळून १८० जीबी. मेलच्या खात्याबरोबर मिळणारे फुकटचे १५ जीबी केव्हाच भरले होते आणि दर महिन्याला भाडं भरून स्वतःचेच फोटो बघायचे हे मला पटत नव्हतं. म्हणून या सीपीयूचाच घरातल्या सगळ्यांच्या फोटोंसाठी सर्व्हर करायचं ठरवलं.

पहिल्यांदा बटण दाबलं तर तीन बीप. पंखा फिरतोय, मॉनिटर काळा. यावरचा आपल्याकडचा जुना इलाज सगळ्यांना माहीत आहे: रॅमची पट्टी काढायची, सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि पट्टी कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. पुतणीच्या कंपासमधला खोडरबर कामी आला. मग तापकीर गल्लीतून सेकंडहँड रॅम आणून ४ जीबी केली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली.

तरी दर वेळी चालू करताना तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जायची आणि मशीन ‘एफ१ दाबा’ म्हणून अडून बसायचं. ती बोर्डावरच्या सीआर२०३२ या बटणासारख्या सेलची करामत, मशीन बंद असताना घड्याळ तोच चालवतो. सेल बदलला, घड्याळ ताळ्यावर आलं. मग मॉनिटर-कीबोर्ड काढून सीपीयू आतल्या खोलीत टेबलाखाली सरकवला, तर पुन्हा चालू होईना. मॉनिटर परत जोडून पाहिलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. आता कीबोर्डच नाही तर एफ१ काय कपाळाने दाबू? बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, कुठल्या चुकीवर अडून बसायचं ते ठरवणारी ‘हॉल्ट ऑन’ नावाची ओळ असते, तिथे ‘नो एरर्स’ केलं आणि तो तंटा मिटला.

डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स, टाकायला तासभरही लागला नाही. डेबियन १३ पासून ३२ बिटच्या जुन्या मशीनसाठी इन्स्टॉलर येत नाही, पण कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, त्यामुळे निभावलं. डेस्कटॉप वगैरे काही घेतलं नाही, नुसता काळा पडदा. जुन्या डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, तपासलं तर काही सेक्टर ‘पेंडिंग’ दिसले, म्हणजे वाचता वाचता अडखळणारे. तिच्यावर फक्त डेबियन ठेवलं आणि फोटोंसाठी नवी २ टीबीची डिस्क घेतली. कोरी करकरीत म्हणावी अशी एवढीच वस्तू. जुनी डिस्क गेली तर एका संध्याकाळी सगळं पुन्हा टाकता येतं, आजीचे फोटो कुठून आणणार?

घरातल्या नेटवर्कवर फाइली वाटून देणारं सांबा लावलं, लॅपटॉपवरून फोटो पाठवायला घेतले आणि वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर हलेना. या हिशेबाने १८० जीबीला साडेचार तास. मी डिस्कवर संशय घेतला, सांबाच्या सेटिंगवर घेतला, राउटरवर घेतला. दोन संध्याकाळी पाण्यात गेल्यावर नेटवर्क कार्डाचा वेग तपासायचं सुचलं. बोर्ड गिगाबिटचा म्हणजे १००० एमबीपीएसचा, राउटर गिगाबिटचा, आणि जोडणी १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबीची.

हॉलमधल्या राउटरपासून आतपर्यंतची केबल कधीकाळी इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने ओढून दिली होती. तिच्या टोकाचं पारदर्शक प्लग टॉर्चखाली धरलं. आत चारच तारा! बाकीच्या चार सालाच्या तोंडाशी कापून टाकलेल्या. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. मित्राकडून प्लग तारांवर दाबून बसवायची क्रिंपिंगची पक्कड आणली आणि रांग लावायला बसलो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याची जोडी हिरव्याच्या मध्ये घुसते, तिथेच माणूस चुकतो. मी नाही चुकलो, पण माझी तपकिरी तार आखूड पडली आणि पहिलं प्लग वाया गेलं. दुसऱ्या खेपेला वेग सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे. उरलेले फोटो चहा होईपर्यंत पोचले.

बाहेरून, म्हणजे ऑफिसातून, सर्व्हर बघायचा खटाटोप फार चालला नाही. राउटरला बाहेरच्या बाजूला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळालेला, म्हणजे अनेक घरांत मिळून एकच खरा पत्ता. राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट, म्हणजे पोर्ट, उघडून उपयोग शून्य. आपली मशीनं इंटरनेटवरून एकमेकांना थेट जोडणारं टेलस्केल टाकलं, झालं. सिनेमे टीव्हीवर दाखवणारं जेलीफिनही चढवलं. फाइल आहे तशी टीव्हीवर गेली तर सुरळीत, ट्रान्सकोड करायची, म्हणजे चालता चालता ती दुसऱ्या स्वरूपात बदलायची, वेळ आली की बिचारे दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन धापा टाकतात. तो नाद सोडला.

मग एक दिवस प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला. काही काम नसताना ६८ वॉट. चोवीस तास, तीस दिवस: ४९ युनिट! फुकटच्या सर्व्हरचं हे भाडं. जुन्या हार्डवेअरचं कौतुक करणारे बहुतेक लोक हा आकडा सांगत नाहीत. कुणी म्हणालं, छोटा मिनी पीसी घे. म्हणजे पुन्हा खरेदीच.

विचार केला, आमच्या घरात फोटो बघतं कोण आणि केव्हा? संध्याकाळी, सगळे घरी आल्यावर. फोनमधले नवे फोटोही घरच्या वायफायवर आल्यावरच चढतात. मग हा दिवसभर जागा कशाला? बायोसमध्ये रोज संध्याकाळी सहाचा गजर लावला आणि रात्री साडेअकराला स्वतःहून बंद व्हायची सोय केली. आता महिन्याला ११ युनिट.

दुसरी प्रत पोर्टेबल डिस्कवर असते आणि ती साताऱ्याला ताईकडे. सणावाराला ती येते तेव्हा डिस्क येते, भरली की परत जाते. पहिल्यांदा ती काढून दिली त्याच संध्याकाळी सर्व्हर रुसला, कारण चालू होताना तो ती डिस्क शोधत बसला होता. डिस्क जोडण्याच्या, म्हणजे माउंटच्या, ओळीत ‘नोफेल’ (नसली तरी अडू नको) लिहायचं राहिलं होतं.

एका गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि सहाचा गजर वाजलाच नाही. पुण्यात गुरुवारचं हे असतंच. आता वीज आली की चालू व्हायचं, असं बायोसला सांगून ठेवलंय. त्यामुळे गुरुवारी त्याला दुपारपासूनच ओव्हरटाइम.

भंगाराचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. परवा सहाला आतून पंख्याची घरघर सुरू झाली, तसे ते पेपर बाजूला ठेवत आईला म्हणाले, “सीपीयू उठला, चहा टाक.”